दरवाज्यातलं प्लॅस्टिक कुठं गेलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्याआधी गाडीची काय काय तयारी करावी त्यावर अर्धं पान आलं होतं, ते वाचलं. वायपरची रबरं बदला, टायरची नक्षी बघा, ब्रेक तपासून घ्या, बॅटरीचे टर्मिनल साफ करा, सगळं बरोबर आहे, चूक काढायला जागा नाही. पण दरवाज्यांबद्दल एक अक्षर नाही हो. आणि आमच्या कोकणात जुनी गाडी इंजिनानं मरत नाही, ती दरवाज्यानं नि फ्लोअरनं मरते, हे इथल्या कुठल्याही डेंटरला विचारा.

मी चिपळूणचा. आमची मारुती ८००, १९९९ ची, पांढरी, आता पांढरी म्हणायची आपली पद्धत. ही गाडी देशात १९८३ च्या डिसेंबरात आली नि जानेवारी २०१४ ला बंद झाली, तेवढ्यात २५ लाखांच्या वर विकल्या गेल्या, त्यामुळे आमच्यासारखे अजून गावोगाव आहेत, हसू नका. पासिंगला मागच्या वेळी २०२४ ला ५००० भरले, त्याआधी ६०० लागायचे, एप्रिल २०२२ पासून वाढवले, आणि आता तर २० वर्षांवरच्या गाडीला १०००० केलेत. मुलगा पुण्यातून फोनवर म्हणतो बाबा विकून टाका. विकायची काय, भंगारवाला जे देईल त्यात माझी दोन वर्षांची पेट्रोलची सोय पण नाही होत, आणि गाडी एका हाफ सेल्फला स्टार्ट होते, मग का विकू?

असो. मुद्दा दरवाज्याचा.

२२ जुलै २०२१ चा पूर तुमच्या वाचकांना आठवत असेल. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं, आमच्या आळीत तेवढं नव्हतं पण गाडीच्या काचेच्या खालच्या कडेपर्यंत आलंच. नंतर महिनाभर गावातल्या एकूण एक गॅरेजसमोर चिखलाच्या गाड्यांची रांग. माझ्या गाडीचे पण चारी दरवाजे खोलले, पाण्याचा फवारा मारला, सीट उन्हात टाकल्या, कार्पेट फेकलं, आणि आठ दिवसांनी गाडी हातात दिली. कोणाचं गॅरेज ते लिहीत नाही, त्या महिन्यात ती माणसं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काम करत होती, त्यांचं स्वतःचं घर पण चिखलात होतं. तेव्हा मला बरंच वाटलं काम.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी डाव्या पुढच्या सीटच्या पायाशी पाणी साचायला लागलं. आमची ही तिथं बसते, तिच्या चपला भिजायच्या, आणि तिचं म्हणणं की टप गळतो. मी टपाच्या कडेला सील मारलं, पुढच्या काचेचं रबर बदललं, तरी पाणी येतंच. गाडीत कुबट वास, ओल्या गोणपाटासारखा. मग एक दिवस लक्षात आलं की डाव्या दरवाज्याचं आतलं पॅड खालून फुगलंय, भिजलेल्या पापडासारखं, आणि कोपऱ्यातून सुटून बाहेर आलंय. हात लावला तर हार्डबोर्डाचा भुगा हातात.

शेजारचे काका एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, ते गेटातून आत आले, पॅडकडे बघितलं आणि पहिला प्रश्न, "आतलं प्लॅस्टिक आहे का?" मी म्हणलं कसलं प्लॅस्टिक. ते नुसते हसले.

आता हे मी सविस्तर लिहितो कारण मला स्वतःला पंचवीस वर्षं गाडी चालवून माहीत नव्हतं. आपल्याला वाटतं दरवाजा म्हणजे बंद डबा, पाणी आत जाता कामा नये. तसं नाही. काच वरखाली होते त्या फटीच्या बाहेरच्या अंगाला जी रबराची पट्टी असते ती पाणी फक्त कमी करते, अडवत नाही. पाऊस काचेवरनं ओघळून थेट दरवाज्याच्या पोटात जातो, आणि तो जाणार हे धरूनच दरवाजा बनवलेला असतो. म्हणून दरवाज्याच्या तळाला बारीक भोकं असतात, तिथून ते पाणी रस्त्यावर पडतं. पण आतल्या बाजूच्या पत्र्याला मोठमोठी भगदाडं असतात, काच वरखाली करायचं मशीन बसवायला, हात घालायला. त्या भगदाडांवर कंपनी एक प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट डांबरासारख्या मसाल्यानं चिकटवते, आणि त्याची खालची कड पॅडच्या बाजूला लोंबत नाही सोडत, ती पत्र्याच्या फटीतून परत दरवाज्याच्या आत खोवलेली असते. म्हणजे प्लॅस्टिकवर उडालेलं पाणी ओघळून परत पोटातच जावं. तेवढा एक कागद, बस्स. तो नसला की सगळं पाणी हार्डबोर्डावर, हार्डबोर्ड फुगला की क्लिपांची भोकं फाटतात, पॅड सुटतं, पाणी फ्लोअरवर, आणि फ्लोअरवरच्या ओल्या गोधडीखाली पत्रा सडतो तो वरून दिसत पण नाही. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इथं हा हिशोब दोन-तीन वर्षांत पुरा होतो.

तर मी ठरवलं की पॅड स्वतः काढायचं. काकांनी सांगितलं, मी केलं, आणि पहिल्याच दरवाज्याला तीन चुका केल्या त्या पण लिहितो.

आधी काच पूर्ण वर करायची आणि हँडल कुठल्या दिशेला थांबलंय ते लक्षात ठेवायचं, मोबाईलवर फोटो मारून ठेवा, नाहीतर नंतर हँडल गुडघ्याला लागेल असं बसतं. मग हाताने ओढायच्या दांड्याचे स्क्रू, मग आतून दार उघडायच्या खटक्याभोवतीची फ्रेम, तिला एक स्क्रू असतो आणि तो गंजलेला असतो, त्याला आदल्या दिवशीच तेल सोडून ठेवा. लॉकचं उभं बटण नुसतं फिरवून निघतं. राहिलं काचेचं हँडल.

या हँडलला बाहेरून स्क्रू दिसत नाही म्हणून लोक काय करतात, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटतात, नि पॅडचं रेक्झिन फाडतात. हँडलच्या मागे घोड्याच्या नालेसारखी एक तारेची क्लिप असते, तिनं ते धरलेलं असतं. काकांनी माझ्याकडे जुना बनियन मागितला. त्याची पट्टी फाडली, हँडल आणि त्याच्या मागची प्लॅस्टिकची चकती यांच्या मधे घातली, आणि दोन्ही टोकं धरून बूटपॉलिशवाला पोरगा जसा फडकं इकडून तिकडे ओढतो ना, तसं ओढायला लागले. चार-पाच वेळा. फडक्याचे धागे क्लिपच्या टोकाला अडकतात आणि क्लिप सुटून बाहेर येते. बाहेर येते म्हणजे उडते. "टिंग" असा आवाज आला आणि क्लिप अंगणात जांभ्याच्या चिऱ्यांत कुठंतरी गेली ती गेलीच, अर्धा तास मी नि नातू गुडघ्यावर. पुढच्या दरवाज्याला मी हँडलभोवती प्लॅस्टिकची पिशवी धरली. बसवताना मात्र उलटं, क्लिप आधी हँडलच्या खाचेत बसवायची आणि मग हँडल दांड्यावर ठेवून तळहाताने एक ठोसा, खट्ट करून बसतं, फडकं वगैरे काही नको.

मग पॅड. याला कडेनं आठ-दहा प्लॅस्टिकच्या क्लिपा असतात, त्या पत्र्याच्या भोकात दाबून बसवलेल्या. पहिली चूक इथं. मी पॅडला मधे धरून ओढलं. क्लिपा पत्र्यात राहिल्या आणि हार्डबोर्ड तुटून हातात आला. खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची, बोटांनी चाचपून क्लिप कुठं आहे ते बघायचं आणि अगदी तिच्या शेजारी चपटं काहीतरी घालून एकेक सोडवायची. बाजारात त्यासाठी प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात, मी मात्र घरातलं उलथनं घेतलं, त्याला फडकं गुंडाळलं. ते उलथनं आता गाडीचंच झालं, हिनं परत घरात घ्यायला नकार दिला. कित्येक गाड्यांत पॅडची वरची कड काचेखालच्या खाचेत अडकलेली असते, म्हणून शेवटी सरळ न ओढता वर उचलायचं. आणि ज्यांच्या गाडीला पॉवर विंडो आहेत त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पॅड सुटलं की एकदम ओढू नका, मागे वायरी असतात. माझ्या गाडीत असली श्रीमंती नाही.

पॅड निघालं. मागे प्लॅस्टिक नव्हतंच. काळ्या मसाल्याचे चार-पाच ओघळ नि त्याला चिकटलेली वीतभर फाटकी चिंधी, एवढंच. पूर उतरल्यावर धुताना कोणीतरी फाडलं आणि परत लावलं नाही. आणि दरवाज्याच्या तळाला चिखल! पुराचा. तीन वर्षांनी. वाळून तडे गेलेला, शेतात उन्हाळ्यात भुई फाटते तसा, मी दोन्ही ओंजळी भरून काढला आणि नंतर अजून निघाला. तळाची भोकं त्यानं पार बुजलेली. म्हणजे वरून पाणी आत, खाली जायला वाट नाही, आणि मधे अडवायला प्लॅस्टिक नाही, मग ते माणसाच्या पायाशी येणार नाही तर कुठं जाईल?

इथं दुसरी चूक. उघड्या हाताने आत हात घातला. दरवाज्याच्या आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, मनगटाला चांगली चीर पडली, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. जाड हातमोजे घाला. चिखल ब्रशनं सुटा करून, बारीक धारेनं धुवून, भोकं तारेनं मोकळी करून, दोन दिवस दार उघडं ठेवून वाळवलं, मग तारेच्या ब्रशनं गंज खरवडून रेड ऑक्साईड मारला. आमच्याकडे पावसाआधी गाडीला खालून जळकं ऑइल मारायची पद्धत आहे, एकाने सांगितलं दरवाज्यात पण ओता. मी नाही ओतलं. ऑइलनं काचेची रबरं फुगतात नि गाडीत बसलं की ग्रीसच्या टाकीत बसल्यासारखं वाटतं. ज्याला ओतायचं त्याने ओतावं.

काचेचं मशीन समोर उघडंच होतं म्हणून त्याला ग्रीस लावून टाकलं. काच वर करताना आधी दोन्ही हात लागायचे, आता एका बोटावर जाते.

आता पॅडची दुरुस्ती. जुन्या हार्डबोर्डाचा भुगा झाला होता पण रेक्झिन बरं होतं, ते हळूहळू सोलून काढलं, हेअर ड्रायरनं गरम करत करत. नवीन बोर्ड कापायला जुन्याचे तुकडे जमिनीवर जुळवून त्याचा साचा काढला. तिसरी चूक अशी की सुताराकडे ६ मिलिमीटरचा प्लाय पडला होता, म्हणलं हार्डबोर्ड परत भिजणार, त्यापेक्षा प्लायच वापरू, मजबूत. दिवसभर कापला, भोकं पाडली, घासला, आणि बसवायला गेलो तर एकही क्लिप बसेना. क्लिपेची मान आखूड असते, ती ३ मिलिमीटरच्या बोर्डाच्या हिशोबानं केलेली, जाड प्लायमधून तिचं टोक पत्र्यापर्यंत पोचतच नाही. तो प्लाय आता देवघराच्या मागे आहे. शेवटी ३ मिलिमीटरचाच हार्डबोर्ड आणला, पण दोन्ही बाजूंनी ऑइल पेंटचे दोन हात दिले आणि मुख्य म्हणजे कडांना नि भोकांच्या आतून दिले, कारण पाणी बोर्डात तिथूनच शिरतं.

रेक्झिन चिकटवायला फेविकॉलचं साधं पांढरं नाही चालत, एसआर ९९८ घ्या, पिवळसर असतं ते. दोन्हीकडे पातळ लावायचं, बोट लावलं तर चिकटत नाही इतकं सुकू द्यायचं, मगच मधून कडेकडे दाबत जायचं. घाई केली की फुगे येतात. वास डोक्यात जातो, पडवीत बसून करा. कोपऱ्यावर रेक्झिनला कात्रीनं चिरा देऊन वळवायचं, करंजीची कड दुमडतात तसं. क्लिपा आणायला जाताना जुनी एक क्लिप खिशात घालून जा, नुसतं "मारुतीची द्या" म्हणलं तर दुकानदार कुठलीही देतो नि ती एकतर सैल होते नाहीतर जात नाही. पाच-दहा रुपयांची वस्तू, पण एक कमी लावली की पॅड खडखडतं नि ती खडखड घाटात तुम्हाला वेड लावते.

आणि प्लॅस्टिक. बांधकामाच्या सामानाच्या दुकानात जाड पॉलिथिन मीटरवर मिळतं, ते आणलं. दरवाज्याला लावून मार्करनं आखलं, खटक्याच्या दांड्याला नि हँडलला अगदी नेमकी चीर दिली, मोठं भोक नाही. चिकटवायला ब्यूटाइल टेप, काळी, कधीच वाळत नाही अशी, म्हणजे उद्या परत उघडायचं झालं तर फाडायला नको. सिलिकॉन लावायचा मोह होतो पण ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते पत्र्याला गंज आणतं, त्याच्या नादी लागू नका. सेलोटेप म्हणजे पहिल्या पावसाचा पाहुणा. खालची कड आत खोवायची, हे परत लिहितो कारण मी स्वतः पहिल्यांदा विसरलो होतो आणि काकांनी सगळं परत काढायला लावलं.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. माझी तक्रार त्या एका गॅरेजवर नाहीच. नंतर मी मुद्दाम ओळखीच्या चार-पाच जणांच्या जुन्या गाड्यांचे दरवाजे बघितले, कोणाचं मशीन बदललेलं, कोणाचं लॉक, एकाने पॅड कापून स्पीकर बसवलेले, आणि एकाही गाडीत, जिथं दरवाजा एकदा उघडला गेला होता तिथं, प्लॅस्टिक धड नव्हतं. कुठं अर्धं, कुठं चुरगाळून दरवाज्याच्या पोटात कोंबलेलं, तिथं तर ते काचेत अडकत होतं. मेकॅनिकला विचारलं तर म्हणतो साहेब त्याला काय होतंय, आणि त्याचं पण खरं आहे, काचेच्या मशीनची मजुरी मिळते तीनशे रुपये, तो चिकट मसाला नीट सोडवून प्लॅस्टिक परत बसवायला अर्धा तास जास्त, आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं की झालं का झालं का. प्लॅस्टिक नाही म्हणून कोणी गाडी परत आणत नाही. परत आणतो तो तीन वर्षांनी, तेव्हा पत्रा सडलेला असतो आणि त्याला वाटतं गाडी जुनी झाली. मला कोणी सांगितलं असतं की पन्नास रुपये जास्त द्या, प्लॅस्टिक लावून देतो, तर मी शंभर दिले असते. पण ती गोष्ट आहे हेच माहीत नसेल तर मागणार काय?

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स असतो, त्यातल्या पोरांना इंजिन खोलायला शिकवतात, ठीक आहे, पण एखादा तास दरवाज्याला पण द्या. आणि तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी एवढा एक चौकोन छापा, फार जागा लागणार नाही. पावसाआधी दरवाजा बंद करून, काच वर ठेवून, बाहेरून काचेवर एक तांब्या पाणी हळूहळू ओता. पाणी दरवाज्याच्या तळातून जमिनीवर ठिबकलं तर सगळं ठीक. ठिबकलंच नाही तर भोकं बुजलीत, पाणी आत साठतंय, दार हलवून बघा, डचमळल्याचा आवाज येईल. आणि आतल्या मॅटवर ओल आली तर प्लॅस्टिक नाहीये, मग टपाला सील मारत बसू नका, माझ्यासारखे.

तीन दरवाजे झालेत. मागचा उजवा राहिलाय, त्याच्या खटक्याचा स्क्रू फिरून फिरून गुळगुळीत झालाय, तो आता ड्रिल करूनच काढावा लागणार. काका म्हणतात रविवारी बघू, पण हवामान खात्याचं काही खरं नाही, रविवारपर्यंत पाऊस यायचा थांबला पाहिजे.

आपला,
एक जुना वाचक,
चिपळूण